इंजिनाची वेसण

शक्ती मिळविण्याची मनुष्याला जितकी हौस आहे, तितकी ती बेताबेताने दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची नाही. तिजोरीची किल्ली मुलाला कोणत्या वयात द्यावी, दुकानाच्या गादीवर त्याला केव्हा बसू द्यावे, शेताचा व्यवहार त्याच्या अंगावर केव्हा टाकावा, याचा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खल होत आला आणि त्यातून प्रत्येक घराच्या काही रीती ठरून गेल्या. मोटारीच्या किल्लीविषयी मात्र अशी रीत अद्याप पडलेली नाही. ती किल्ली दाराजवळच्या खुंटीवर लटकत असते. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली, परवान्याचे कार्ड टपालाने घरी आले, की एखाद्या संध्याकाळी तो ती खुंटीवरून उचलतो, आणि घराण्यात आजवर कोणाच्याही हाती नव्हती एवढी शक्ती त्याच्या उजव्या पावलाखाली येते. हा समारंभ इतका निमूटपणे उरकतो की घरातील वडील मंडळींना तो झाल्याचे कळतही नाही.

पूर्वी या समारंभात फारसा धोका नव्हता, कारण गाडीच समजूतदार होती. आम्हां मुलुंड-घाटकोपरकडच्या मंडळींच्या लेखी मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. म्हणजे ती आमच्याच आगगाडीच्या रस्त्यावरची, जवळजवळ माहेरची गाडी. तिच्या इंजिनाला सुमारे चाळीस अश्वशक्तीचे बळ, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली, आणि बोरघाट चढताना तिला दम लागे तो मागे बसलेल्यांनाही जाणवे. तरुणाने कितीही आवेशाने पाय दाबला, तरी ती आपल्या वयाला शोभेल अशाच चालीने चाले. घरातील एखाद्या जुन्या कारकुनाप्रमाणे ती धाकट्या मालकाचा हुकूम ऐकून घेई आणि तिला पटेल तेवढाच पाळी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांनी तिच्या रूपाची आठवण काढली. तिच्या या गुणाची आठवण काढलेली मात्र आमच्या वाचनात आली नाही.

हल्लीची गाडी सांगितलेला हुकूम तत्काळ पाळते, आणि पुष्कळदा सांगितल्याहून अधिक पाळते. याचे श्रेय टर्बो नावाच्या यंत्राला आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर पूर्वी फुकट जात असे. त्या धुराच्या झोतावर एक लहान चाक फिरवावे, आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, अशी युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला सुचली व १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. हवा अधिक गेली की इंधनही अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागते. ही युक्ती प्रथम जहाजांस व विमानांस लागू पडली. विक्रीच्या मोटारींत ती १९६२ साली अमेरिकेत आली. आणि आता एक लिटरचे इंजिन असूनही शंभराहून अधिक अश्वशक्ती बाळगणाऱ्या गाड्या आमच्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत निमूटपणे उभ्या असतात. त्यांच्यातील ते चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, याची त्यांच्या रंगरूपावरून कोणाला शंकाही येऊ नये.

आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी, घाटकोपरला, याहूनही जोरकस गाडी आहे. मेहुण्यांनी ती जुन्या बाजारातून हौसेने घेतली आणि पोटच्या पोराप्रमाणे जपली. स्कोडा कंपनीची ही ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. गेल्या वर्षी भाच्याला एकोणिसावे वर्ष लागले, त्याने परवाना मिळविला, आणि बापाने पूर्वी केव्हातरी दिलेल्या शब्दाची त्याला आठवण करून दिली. बहिणीचा आम्हांस फोन आला. "दादा, ह्यांनी गाडी द्यायचं कबूल केलंय. तू काहीतरी सांग." काय सांगावे हे तिने सांगितले नाही. आईच्या मनात जे असते त्याला बहुधा वाक्य नसतेच.

मेहुण्यांनी मात्र आपल्यापुरता तोड काढला होता. भांडुपच्या एका मिस्त्रीकडून टर्बोचा दाब कमी करून घ्यावयाचा, आणि पोराला त्याचा पत्ता लागू द्यावयाचा नाही. शब्द मोडला नाही असेही झाले, आणि बायकोला दिलासा दिला असेही झाले. बेत ऐकून आम्हांस कौतुक वाटले. परंतु तो बेत डोक्यातून जाईना, म्हणून आम्ही मेहुण्यांसह त्या मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने जे समजावून दिले ते वाचकांसही सांगण्याजोगे आहे. टर्बोच्या वाटेवर एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. हवेचा दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की ही झडप उघडते, आणि जास्तीचा धूर चाकाला वळसा घालून सरळ बाहेर जातो. झडप एका स्प्रिंगने मिटलेली असते. गाडीतील संगणक एका छोट्या विजेच्या व्हॉल्व्हच्या साहाय्याने ती उघडण्याची वेळ लांबवितो, आणि तेवढा दाब वाढवून घेतो. संगणकाचा हा हात काढून घेतला की दाब स्प्रिंगच्या मूळ बळापुरताच राहतो. त्याहूनही खाली आणावयाचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. नुसती तार उपटून ठेवणे हा आळशाचा मार्ग. त्याने समोरच्या फलकावर इंजिनाचा दिवा पेटून राहतो. खरा मार्ग म्हणजे संगणकातील हुकूमनामाच नव्याने लिहून घेणे. मिस्त्री पुढे असेही म्हणाला की, याच जातीचे १.८ लिटरचे इंजिन फोक्सवॅगनच्या परिवारात कोठे १५०, कोठे १८०, तर कोठे २२५ अश्वशक्ती देत असे. टर्बो थोडा लहानमोठा, संगणकातील आकडे निराळे. बाकी भावंडे एकाच कुळातली. हे ऐकून आमच्या मनातील एक समज दूर झाला. गाडीची शक्ती ही तिच्या रक्तात असते असे आपण मानतो. वस्तुतः ती कोणीतरी टेबलापाशी बसून ठरविलेली असते. जे एका टेबलापाशी ठरले त्याचा दुसऱ्या टेबलापाशी फेरविचार होण्यात यंत्राचा काही अपमान नाही.

आता या फेरविचाराने साधते काय, ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की दाब कमी केला म्हणजे गाडी हळू धावेल. तसे होत नाही. दाब उतरविलेली ती गाडीही पूर्व द्रुतगती मार्गावर शंभर-सव्वाशेचा वेग सहज गाठील. ताशी चाळीसच्या वेगाशी तुलना करता ताशी ऐंशीच्या वेगात आघाताची शक्ती चौपट असते, आणि ऐंशीने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. हे पदार्थविज्ञान कोणत्याही मिस्त्रीच्या हातचे नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील दर दहांपैकी सात मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. तो अतिवेग टर्बो नसलेल्या गाड्यांनाही खुशाल साधतो.

दाब कमी केल्याने गाडी तोच वेग सावकाश घेते, एवढाच फरक पडतो. पण नवशिक्याच्या बाबतीत तो लहान नव्हे. टर्बोला एक खोड आहे. पाय दाबताच तो लगेच जागा होत नाही. धुराचा झोत वाढून चाकाने गती घेईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही. नवशिका अधीर होतो, पाय आणखी दाबतो. आणि मग मागितलेले आणि न मागितलेले असे सगळे बळ एकदम हजर होते. तोवर रस्ता वळलेला असतो, किंवा पुढची रिक्षा थांबलेली असते, किंवा पावसाने डांबर निसरडे झालेले असते. मुरलेला चालक ही खोड ओळखून असतो. नवख्याला ती ओळखण्यास वेळ हवा, आणि जोरकस गाडी नेमका वेळच देत नाही. दाब कमी केला की चूक आणि तिचे फळ यांच्यात थोडे अंतर पडते. आमच्या मते मिस्त्रीच्या हातून विकत मिळते ते हे अंतर होय, सुरक्षितता नव्हे. ती त्या अंतरात ज्याची त्याने कमवावयाची असते.

एवढे कळल्यावर मेहुण्यांच्या बेतातील 'पोराला न सांगता' हा भाग आम्हांस अधिकच खटकू लागला. विश्वासाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू. निव्वळ व्यवहार पाहू. भाचा लहानपणापासून बापाच्या शेजारी त्या गाडीत बसत आला आहे. घोडबंदर रस्त्यावर मालमोटार ओलांडताना ती कशी झेपावते, हे त्याच्या अंगाला ठाऊक आहे. उद्या तो स्वतः मालमोटार ओलांडावयास निघेल तेव्हा त्याच झेपेचा हिशेब मनात धरील. आणि समोरून वाहन येत असता ती झेप येणारच नाही. ज्या उपायाने मुलाला वाचवावयाचे, त्यानेच त्याला भर रस्त्यात फसवावयाचे, असा हा प्रकार झाला असता. माणसाला कमी शक्ती दिली तर तो तीत भागवून घेतो. त्याच्या शक्तीविषयी खोटी कल्पना दिली तर मात्र त्याचा घात ठरलेला. आम्ही मेहुण्यांना इतकेच म्हणालो, "कमी करा, पण त्याला समोर बसवून करा." त्यांस ते फारसे रुचले नाही, तथापि पुढल्या रविवारी ते मुलाला घेऊन आले.

मिस्त्रीने पुन्हा सर्व समजावून दिले. भाचा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. त्याने झडपेविषयी, स्प्रिंगेविषयी, दाबाच्या मापाविषयी इतके प्रश्न विचारले की रागावण्याचे तो विसरला की काय, असे आम्हांस वाटू लागले. मग त्याने आमच्याकडे वळून विचारले, "मामा, गाडी तर एकच आहे. दाब कमी झाला म्हणजे बाबांनाही तो कमीच मिळणार. त्यांना चालणार आहे का?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. मेहुणे पन्नाशीचे; त्या गाडीवर त्यांची किती माया आहे हे वर सांगितलेच आहे. पहाटे रस्ते मोकळे असताना ऐरोलीच्या पुलावर ते तिला जो वेग देतात, त्याची वाच्यता ते बहिणीसमोर करीत नाहीत. मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. मेहुणे काही वेळ गाडीकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "चालेल. वर्षभर चालेल."

देशावर नवा खोंड औताला धरावयाचा झाला म्हणजे शेतकरी त्याच्या जोडीला मुरलेला बैल देतो. जू एकच, चाल एकच. खोंड उधळू पाहतो तेव्हा शेजारचा जोडीदार न बोलता त्याला जागेवर ठेवतो, आणि वेसणीची ओढ निम्मी कमी लागते. नुसत्या वेसणीने शिकलेला बैल वेसण धरणाऱ्याला भितो. जोडीने शिकलेला काम शिकतो. त्या रविवारी भांडुपच्या गॅरेजात हेच घडले, असे आम्हांस वाटते. मुलावर घातलेले बंधन बापाने आपल्याही खांद्यावर घेतले, तेव्हा त्याचे शिक्षेचे रूप गेले.

आणि बंधन घेतल्याने थोरामोठ्यांचे काही उणे होते असेही नाही. मोटार-शर्यतींच्या जगात टर्बो इंजिनांची शक्ती अनावर होऊ लागली, तेव्हा फॉर्म्युला वनच्या नियामकांनी १९८७ साली त्यांच्या दाबाला चार बारची मर्यादा घातली. १९८८ साली ती अडीच बारवर आणली. आणि १९८९ पासून टर्बोला बंदीच केली. म्हणजे जगातील सर्वांत निष्णात चालकांच्या गाड्यांनाही झडप बसविली गेली. मौज अशी की त्याच अडीच बारच्या वर्षी मॅक्लारेन संघाच्या टर्बो गाड्यांनी, आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्ट यांच्या हाती, सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकल्या. दाब कमी झाल्याने पराक्रम कमी होतो, असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. आमच्या मेहुण्यांचा अनुभव याहून साधा आहे. घाटकोपरहून अंधेरीस जावयास त्यांस पूर्वी जितका वेळ लागे तितकाच आताही लागतो; कारण जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरील गर्दीने दीडशे अश्वांची आणि शंभर अश्वांची चाल केव्हाच एक करून टाकली आहे.

एका घरात हे जमले, म्हणून प्रत्येकाने मिस्त्री गाठावा असे मात्र आम्ही सुचवीत नाही. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम सांगते. तेव्हा हात घालण्यापूर्वी जाणत्याला, कंपनीच्या कार्यशाळेला आणि विमा उतरविणाऱ्याला विचारावे हे बरे. कित्येक नव्या गाड्यांत शक्ती सौम्य करणारी कळ मुळातच असते. फोर्ड कंपनीने तर २००८ साली खास अशा मुलांसाठी निराळी किल्लीच जाहीर केली, जिच्यावर गाडी ठरावीक वेगापुढे जात नसे. साधन कोणतेही असो. विचार एकच की पूर्ण शक्ती एका दिवसात द्यावयाची नाही.

हा विचार काही देशांनी कायद्यात उतरविला आहे. न्यूझीलंडने १९८७ साली परवाना पायऱ्यापायऱ्यांनी देण्याची पद्धत सुरू केली: आरंभी शेजारी जाणता चालक हवा, मग एकट्याने चालविण्याची मुभा, पण रात्री उशिरा नाही आणि सोबत मित्रांचा मेळा नाही, मग पूर्ण परवाना. मित्रांविषयीची ही अट कोणास जाचक वाटेल. परंतु गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गाडी चालविण्याच्या एका खेळात, सोबती पाहत असताना कुमारवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्याहून पुष्कळ अधिक धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही. आपल्याकडे शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि ती उत्तीर्ण झालेल्या अठरा वर्षांच्या मुलाला चाळीस अश्वशक्तीची गाडी आणि चारशे अश्वशक्तीची गाडी यांत कायदा भेद करीत नाही. मधल्या पायऱ्या कायद्याने बांधलेल्या नाहीत. त्या घराने बांधावयाच्या आहेत.

त्या न बांधल्यास काय होते, हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. ती गाडी विजेवर चालणारी; तिला टर्बोची झडप नाही, आणि बळ येण्यास क्षणाचाही विलंब नाही. बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि तिच्यावर देशभर संताप उसळला. निबंध लिहिणे हा आमचा नेहमीचा उद्योग असल्यामुळे ती बातमी वाचून आम्ही खजील झालो. दोन घरांचे दिवे गेल्यावर लिहावयाचा निबंध तीनशे शब्दांचा असो की तीन हजारांचा, तो उशिराचाच. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजारांचा दंड ठेवला आहे. किल्ली खुंटीवरून कोण उचलतो इतकेच नव्हे, तर ती खुंटी कोणाच्या घरातील, हेही आता कायदा विचारतो.

गेल्या पावसाळ्यात भाच्याने एके रात्री घरी येऊन आपण होऊन सांगितले की, विक्रोळीपाशी साचलेल्या पाण्यावर पुढची चाके जागच्या जागी फिरली, गाडी हातभर बाजूला सरकली, आणि पाय काढताच सावरली. दाब पूर्ण असता तर काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात त्याच्यापासून झडपेची गोष्ट लपविली असती, त्या घरात त्यानेही ही गोष्ट लपविली असती, एवढे आम्ही खात्रीने म्हणू शकतो. बहीण त्या रात्री झोपली नाही. तरी तिला आता निदान ठाऊक तरी असते.

वर्ष पुरे होण्यास अद्याप अवकाश आहे. ते झाल्यावर दाब पुन्हा चढवावयाचा की नाही, याचा निर्णय तिघांनी मिळून करावयाचा असे ठरले आहे. झडपेचे महत्त्व ती मिटून ठेवण्यात नाही, तशी ती सदैव उघडी ठेवण्यातही नाही. किती दाबावर उघडावी हे वेळोवेळी ठरविण्यात ते आहे. मुलाला शक्ती देणे वडिलांना केव्हातरी भागच असते. ती उतरवून देण्याची हिंमत आणि पुढे योग्य वेळी पुरी देऊन टाकण्याची हिंमत, या दोन्ही एकाच माणसापाशी असाव्यात. आणि आमच्या मेहुण्यांपाशी पहिली आहे हे आम्ही पाहिले आहे.